पेन्शन ही पोसणावळ नव्हे



मुंबई बंदरात आज कामावर असलेल्यांपेक्षा पेन्शनरांची संख्या कितीतरी अधिक आहे. तो आकडा पुढे करून ‘इतक्यांना पोसायचे कोणी?’ असे विचारले जाते. ‘पोसणे’ हा शब्दच मुळात गैर आहे. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात दिला. त्या घटनापीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते.

आणि संख्या उलटली ती कशाने? कंटेनर आले, १९८९ साली समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, माल तिकडे वळला आणि इथल्या रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या. यांतला एकही निर्णय गोदी कामगाराला विचारून झाला नव्हता. मग त्याचा भार त्याच्या म्हातारपणावर का?

२०२१ च्या कायद्याने विश्वस्त मंडळ जाऊन प्राधिकरण आले, तेव्हा वेतन, भत्ते व पेन्शन यांना बाधा येणार नाही, अशी ग्वाही सरकारने दिली. ठीक. परंतु १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांचे काय? बापाच्या पेन्शनीवर महागाई भत्ता चढतो. त्याच धक्क्यावर राबणाऱ्या मुलाच्या पगारातून वर्गणी कापून ती बाजाराच्या हवाली केली जाते, आणि हाती काय पडेल ते बाजार ठरवतो!

बंदराकडे मुंबईतील मोलाची जमीन आहे. तिच्या विकासाचे नकाशे रंगवण्यापूर्वी तिच्या उत्पन्नातून पेन्शन फंड भरून काढा, एवढीच आपली मागणी आहे.