आधी चाकं, मग डबा



गोंदियात छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेजची गाडी, पाहिलेली माणसं अजून घरोघरी आहेत, त्यामुळे ती गाडी कशी दिसायची हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. चांद्याकडची लाइन नव्वदच्या दशकात मोठी, म्हणजे ब्रॉडगेज, झाली, बालाघाटकडची 2005 च्या सुमारास. जबलपूरची छोटी गाडी 2015 मध्ये थांबली आणि नागपूर–नागभीडची 2019 मध्ये. आता ही गाडी मॉडेल म्हणून टेबलावरच धावणार. ती टेबलावर धावावी म्हणून जी पोरं, आणि जी निवृत्त मंडळीही, हातात पट्टी-कानस घेऊन बसली आहेत, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. विषय एकच, मालडब्याखालची चासी.

होतं काय, की आपण डबा आधी करतो. पत्र्याची जोडणी, रिबिटांचे ठिपके, दाराची कडी, बीएनआरची, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेची, अक्षरं, सगळं कसं देखणं जमतं. मग तो डबा हातात धरून खाली बसेल अशी चासी शोधत फिरायचं. ती मिळत नाही. मिळाली तर डबा रुळावर डुलतो, वळणावर उतरतो. बाबांनो, चासी डब्यासाठी शोधायची नसते. चासी ठरवायची आणि तिच्यावर डबा बांधायचा.

आपल्या बंडीचं बघा. सुताराकडे जाऊन आधी साटी करून घेतली आणि मग तिला बसतील अशी चाकं हुडकली, असं कुणी केलंय का? आधी कणा, आधी चाक, चाकावरची धाव. दोन चाकांमधलं अंतर गावच्या चाकोरीला जुळलं पाहिजे, नाहीतर बंडी पांदणीत अडकते. चाकं एकदा जमली की वर काय ठेवायचं ते हंगाम ठरवतो. खताला फळ्या लागतात, धानाच्या भाऱ्यांना नुसती साटी पुरते, तणसाला उंच दांडे रोवतात. खालचा कणा मात्र तोच.

हेच शहाणपण आपल्या महाराष्ट्रातल्या एका नॅरोगेजवर फार मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. बार्शी लाइट रेल्वे, सुरू झाली 1897 मध्ये, रूळ आपल्यासारखेच अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे तिचे इंजिनिअर. त्यांनी मालडब्यांसाठी दाबीव पोलादाची एकच अंडरफ्रेम ठरवली, 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद. बंद डबा असो वा उघडा, खाली तीच फ्रेम, बोग्यांवर, म्हणजे चाकांच्या वळत्या चौकटींवर, बसवलेली. एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. तो नियम आधी आला आणि डबे त्याला धरून झाले. टेबलावरच्या गाडीलाही हाच क्रम लावा.

आता माप. हे लिहून घ्या. बाजारात मिळणाऱ्या एन स्केलच्या गाड्या 9 मिलिमीटरच्या रुळावर धावतात. त्या युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटर गेजच्या गाड्यांच्या प्रतिकृती, साधारण 1:160 प्रमाणाच्या. आपले 762 मिलिमीटर 1:87 ने लहान केले, तर येतात पावणेनऊ. म्हणजे 9 च्या रुळाशी फरक पाव मिलिमीटरचा. डोळ्यांना तो कळतही नाही. तेच 1:76 ने केलं तर 10 येतात आणि रूळ एक मिलिमीटरने अरुंद पडतो. म्हणून माझा आग्रह 1:87 चा. मोठं मॉडेल हवं असेल, तर 1:48 घ्या. त्यात आपली लाइन 16 मिलिमीटरच्या जवळ येते आणि एचओ स्केलच्या, साडेसोळा मिलिमीटर रुळाच्या बोग्या खाली चालतात. एचओचा माल मिळायलाही सोपा.

आता 1:87 मध्ये तो 25 फुटी डबा साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस रुंद होतो. एन स्केलची फ्रेम त्याच्याखाली अरुंद दिसणारच. म्हणून अख्खी फ्रेम घेऊ नका, फक्त बोग्या घ्या. फ्रेम प्लास्टिकच्या शीटमधून किंवा पितळी पट्टीतून स्वतः कापा. बोगी निवडताना दोन आसांमधलं अंतर मोजा. युरोपातली वाय-25 बोगी खऱ्या मापात 1.8 मीटरची, एनमध्ये सव्वाअकरा मिलिमीटरची. तीच आपल्या 1:87 मध्ये खऱ्या मापाच्या 98 सेंटिमीटरच्या बोगीएवढी ठरते. हे अंतर ज्या डब्याचं मॉडेल करताय त्याच्याशी जुळतं का, ते बघायचं. नागपूरला मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. परवानगी घ्या, खाली वाका, टेप लावा. आपण नुसते डब्याशेजारी उभे राहून फोटो काढतो आणि आस मोजायचं विसरतो. हे बरं नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथे गेलात तर गाडी वळणावर आली की नजर चाकांवर ठेवा.

बोगी हातात आली की आसाचं टोक बघा. ते सुईसारखं हवं आणि बाजूच्या चौकटीतल्या खोबणीत हलकं टेकलेलं हवं. काचेच्या तुकड्याला किंचित उतार द्या आणि बोगी सोडा. ती आपली आपण घरंगळली पाहिजे. अडखळली तर चाकं बदला, प्लास्टिकची काढून धातूची घाला. जोडताना एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती फक्त वळेल. दुसरीचा थोडा सैल ठेवा, म्हणजे ती वळेल आणि डावी-उजवीकडे डुलेलही. दोन्ही आवळल्या, तर रुळाच्या जराशा चढउताराने एखादं चाक उचललं जातं. आणि वजन खाली हवं. गळाला लावायच्या शिशाचे तुकडे फ्रेमच्या पोटात चिकटवा, डब्याच्या छपराखाली नकोत. तणसाची बंडी वरून जड झाली की बांधावर कलते, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

चार चाकांच्या छोट्या डब्यांनाही आधी चासी हाच नियम, फक्त तिथे एनची अख्खी फ्रेमही चालून जाते, आसांचं अंतर जुळलं तर.

पुन्हा सांगतो, कारण उद्या सकाळी कुणीतरी परत डब्याचा पत्राच कापायला घेईल. आधी खऱ्या गाडीच्या आसांचं माप, मग प्रमाण, मग बोगी, मग फ्रेम. पत्रा सगळ्यात शेवटी.

कपलिंगचं बोलायचं राहिलं. आपल्या छोट्या लाइनला मधोमध एकच बफर असायचा, आणि एनचं कपलिंग अनेकदा बोगीला जोडून येतं. ते कापून फ्रेमला लावायचं की नाही, हे तुमचं वळण किती तीव्र आहे त्यावर अवलंबून, आणि त्याची उंची तर... समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. इंजिनाच्या चासीला तर मी हातही लावला नाही, ते प्रकरण याहून अवघड आहे.

तुमच्या घरात कुणी छोट्या लाइनवर फिटर, गार्ड, खलाशी होतं का? त्यांच्याजवळ बसा आणि बोगी कशी होती ते विचारून कागदावर काढून घ्या. हे काम या आठवड्यातच करा.