माकडताप आणि कमरेची बाटली



१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात आढळलेला माकडताप २०१६ मध्ये दोडामार्गच्या काजूबागांपर्यंत पोहोचला. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या या तापावर रामबाण औषध नाही. जुनी लसही परिणामकारक न ठरल्याने २०२२ पासून बंद झाली. म्हणूनच ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘डेपा’ तेलाची लहानशी बाटली आम्हांस मोलाची वाटते. सकाळी लावलेले तेल घामाने उतरते, ते बागेतच पुन्हा लावावे लागते. बाटली घरच्या फळीवर राहून उपयोग नाही, ती कमरेलाच हवी. तेलकट हातांतून काजू निसटतात, ही बायकांची तक्रार खरी आहे. तळहात वगळून लावा, असे आम्ही सांगतो. तापाचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. आपल्या देणगीतून त्याआधीच बाटल्या वाटता याव्यात, ही विनंती.