शून्य दाखवणारं यंत्र

मंडळी, कोळसा म्हणजे काय, हे चंद्रपूरकरांना सांगण्याचा आगाऊपणा मी करत नाही. बल्लारपूर, दुर्गापूर, घुग्घुस, सगळं तुमच्या अंगणातलंच. आजचा विषय वायू ओळखणारे सेन्सर. माझा हेका आधीच सांगतो : यंत्रावर शून्य दिसलं म्हणजे वायू नाही, असं समजू नका.

मिथेनचा सेन्सर घ्या. प्लॅटिनमच्या बारीक तारेचं वेटोळं, त्याभोवती ॲल्युमिनाचा मणी, वर पॅलॅडियमसारखा उत्प्रेरक. मणी सुमारे 500 अंशांपर्यंत तापवलेला असतो. मिथेन आला की मण्यावरच जळतो, तार आणखी तापते, तिचा रोध वाढतो. शेजारी उत्प्रेरक नसलेला जोडीदार मणी असतो. दोघांतल्या फरकावरून आकडा निघतो. आता सिलिकॉनची वाफ लागली, एखाद्या सीलंटची किंवा वंगणाची, की उत्प्रेरक निकामी होतो. तार मात्र शाबूत. यंत्र कुरकुरत नाही, शून्य दाखवत बसतं. आणि मिथेन तर हवेत 5 ते 15 टक्के असला की ठिणगीची वाट पाहत असतो.

ब्रिटनमधल्या खाणींत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत. कार्बन मोनॉक्साइडनं माणसाआधी पक्षी कोसळे. क्रूर प्रकार, पण पक्षी मेला की दिसायचं तरी! (हशा) सेन्सर मेला की तो नोकरीवर हजर असतो. (हशा) हसू नका, समोर अधिकारी बसलेत. साहेब, मी कुणा एका खाणीबद्दल बोलत नाही.

पक्ष्यावरून आठवलं. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडतात. ऑक्सिजन 21 वरून 16-17 टक्क्यांवर आला की ज्योत विझते. तेवढं ज्ञान खरं. पण कार्बन मोनॉक्साइडला ज्योत काही म्हणत नाही, हायड्रोजन सल्फाइडलाही नाही. मिथेन असेल तर कंदीलच घात करील. कुणी म्हणेल, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येईल की! साधारण 100 पीपीएमला नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस उतरतो, पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. इन्फ्रारेड सेन्सर राहिले, राहू द्या. कार्बन मोनॉक्साइड मात्र सोडत नाही, कारण आपला कोळसा उघड्यावर आपोआप पेटतो आणि तो वायू त्याची पहिली खबर देतो. त्याच्या सेन्सरमध्ये आम्ल आणि इलेक्ट्रोड असतात. वायू इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होतो, सूक्ष्म प्रवाह वाहतो. हा घट दोन-तीन वर्षांत थकतो. थकल्यावर काय दाखवतो? (श्रोत्यांतून : शून्य!) शाबास.

तेव्हा एकच मागणं. पाळीवर जाणाऱ्यांनी यंत्र कमरेला लावण्याआधी त्याला माहीत प्रमाणाचा वायू दाखवावा. आकडा हलला नाही, भोंगा वाजला नाही, तर ते यंत्र परत करा आणि दुसरं मिळेपर्यंत खाली उतरू नका.