आकडा कुणाचा, आखर कुणाची?

(नागपूर येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)





मी बारावी शिकलेली पोरगी. विजेचं शास्त्र काही मी शिकली नाही. पण गावाजवळ सोलर प्लेटा लागणार म्हणून जमीन मोजायला माणसं येतात, तेव्हा हे ठरवलं कुणी, हे विचारलंच पाहिजे ना? आपण म्हणतो, मंत्र्यानं ठरवलं. मंत्री सही करतो. पण सहीच्या आधी कागद तयार होतो, कागदावर आकडे असतात. त्यातले बरेच आकडे अभ्यास करणाऱ्यांकडून येतात. आज त्या माणसांबद्दल बोलून राहिली.

मुंबईत पवईला आयआयटी आहे. तिथं 2010 साली केंद्र सरकारच्या पैशानं सौर विजेचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या संशोधकांनी 2013 पासून देशभर फिरून, लागलेल्या प्लेटा तपासल्या. जास्त तापणाऱ्या मुलखात प्लेटा लवकर खराब होतात, असं त्यांना दिसलं. आपल्या विदर्भाचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. असा अभ्यास थेट सरकारच्या खात्यात पोचतो, कारण पैसाच त्या खात्यानं दिलेला असतो.

दुसरं उदाहरण पुण्याच्या 'प्रयास' गटाचं. हे काही विद्यापीठ नाही. पण त्याचे एक संस्थापक गिरीश संत आयआयटीत शिकलेले इंजिनिअर होते. एन्रॉनची वीज राज्याला किती महाग पडेल, हे या गटानं हिशोब करून मांडलं. 2001 मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला, तेव्हा तो हिशोब लोकांना आठवला. पुढे याच गटानं सौर फीडरची कल्पना मांडून तिचा पाठपुरावा केला. म्हणजे काय, तर उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प लावायचा आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. 2017 साली राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिच्या सुरुवातीच्या गावांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी होतं.

साथींनो, ही कल्पना वाईट नाही. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला साप, वाघ, बिबट्या भेटतो, हे मुंबईवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त माहीत. दिवसा वीज आपल्यालाही पाहिजे.

मग अडचण कुठं आहे? एक मेगावॉटला साधारण 4 ते 5 एकर जमीन लागते. पाच मेगावॉट म्हटलं की 20-25 एकर. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, आणि सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं. मग पहिली नजर कुठं जाणार? गायरानावर! कागदावर ते 'सरकारी, पडीक'. पण तिथंच आपली आखर आहे, तिथं ढोरं चरतात, बाया सरपण वेचतात, मोह उभा आहे. वीज स्वस्त पडली, असं तक्त्यात दिसते. पण बकऱ्यांचा चारा त्या तक्त्यात कुणी मोजलाच नाही. संशोधक लबाड आहे, असं मी म्हणत नाही. त्याच्या तक्त्यात तो रकानाच नाही, आणि आपणही तो भरून दिला नाही.

कायद्यात आपली जागा आहे. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) वाचा. शाळा, अंगणवाडीसोबत अपारंपरिक ऊर्जेसाठीही वनजमीन देता येते. पण एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. 20 एकरच्या प्रकल्पाला ही वाट नाही. आणि झुडपी जंगल हे वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 ला सांगितलं. तेव्हा 'हे तर नुसतं झुडूप आहे' म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

आता काम काय करायचं, ते सांगते.

एक, तलाठ्याकडून गावाचं निस्तारपत्रक काढा. चराई, सरपण, वाट, कशाची नोंद आहे, ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

दोन, आपला आकडा आपण तयार करा. किती घरांची किती ढोरं त्या जागेवर चरतात, मोहफूल किती निघते, वहीत लिहा. त्यावर ग्रामसभेचा ठराव घ्या.

तीन, ती वही घेऊन संशोधकाकडे जा. वीज नियामक आयोग दर ठरवण्याआधी जाहीर सुनावणी घेतो. तिथं कुणीही लेखी हरकत देऊ शकतो. प्रयासवाले तिथं वर्षानुवर्षं बोलत आले. आपण काहून बोलू नये?

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं हीच वाट दाखवली. तिथं बाहेरचा अभ्यासक गावकऱ्यांसोबत अभ्यासगटात बसला, गाव शिकलं आणि तोही शिकला. 2009 साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

तर पुढच्या वेळी जमीन मोजायला माणूस आला, तर त्याला हाकलू नका. पाणी द्या, बसवा आणि विचारा, "दादा, तुमच्या कागदात आमची ढोरं किती लिहिली?" त्याच्याजवळ उत्तर नसणार. तेव्हा आपली वही पुढे करा. ती वही तयार पाहिजे, एवढंच माझं सांगणं.

जोहार!