ठिपका आणि पाडा

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. भूगोलाशी माझा संबंध शाळेत कोरा नकाशा भरण्यापुरताच. तरीही आज तुमच्याशी नकाशाबद्दल बोलणार आहे. कारण एका नकाशानं आमच्याकडच्या एका पाड्याची झोप उडवली होती, आणि दुसऱ्या नकाशानं ती थोडीफार परत आणली.

डहाणू-तलासरी भागातलं सायवन हे माझं गाव. अब्बांचं तिथं किराणा दुकान होतं. मीठ, गूळ, सुकी मासळी न्यायला लांबलांबच्या पाड्यांवरून माणसं येत. २०१८च्या नोव्हेंबरात या भागात जमीन हलू लागली. धुंदलवाडीचं नाव रोज वर्तमानपत्रांत येऊ लागलं. धक्के बहुतेक लहानच, पण थांबेनात. आधी जमिनीखालून गडगड, मग भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ला हळदपाड्यातली दोन वर्षांची मुलगी धक्क्याच्या वेळी पडून दगावली. त्यानंतर थंडीत, तंबूत किंवा उघड्यावर झोपणं नेहमीचंच झालं. किल्लारीचं नाव जो तो घेऊ लागला. ३० सप्टेंबर १९९३च्या त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसं गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

त्याच दिवसांत मोबाइलवरून एक नकाशा फिरू लागला. त्यावर एक लाल ठिपका, आणि तो बरोबर आमच्या ओळखीच्या एका पाड्यावर. खाली लिहिलेलं, ‘केंद्रबिंदू इथेच’. कुणी काढला, कुणी पाठवला, पत्ता नाही. दोन घरांनी सामान बांधलं. एका मुलीकडचे पाहुणे येणार होते, ते आलेच नाहीत. पाड्यातले एक म्हातारे बाबा मला म्हणाले, “तुम्ही शिकलेले. हा ठिपका खरा का खोटा, एवढं सांगा.”

मला काय सांगता येणार? पण माझी भाची भूगोलात एम.एससी. करत होती. तिला फोन केला. ती लॅपटॉप घेऊनच आली आणि मी तिच्या शेजारी बसलो.

तिनं आधी गावांच्या सीमांची फाइल उघडली. तिला शेपफाइल म्हणतात. नाव एकवचनी, पण असतं ते कुटुंब. एका फाइलीत सीमांचे आकार, दुसरीत गावांच्या नावांचा तक्ता, तिसरीत दोघांना जोडणारी सूची, चौथीत या आकारांचं मोजमाप कोणतं याची नोंद. एक जण मागे राहिला तर बाकीचे मुके होतात किंवा भलतंच बोलतात. मग राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीतले आकडे घेतले : प्रत्येक धक्क्याचा अक्षांश, रेखांश, खोली आणि तीव्रता. पायथन नावाच्या, फुकट मिळणाऱ्या संगणकभाषेत तिनं दहा-बारा ओळी लिहिल्या. सीमांवर ठिपके पसरायचे होते.

पहिल्या फटक्यात ठिपके गेले नॉर्वेच्या उत्तरेला, थंड समुद्रात! मी हसलो. ती म्हणाली, “मामू, चूक माझीच.” आपला भाग साधारण २० अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्व. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, यंत्राला आडवं अंतर, म्हणजे रेखांश, आधी लागतो. अदलाबदल झाली आणि डहाणू ध्रुवाकडे निघालं.

दुसऱ्यांदा सगळे धक्के एका कोपऱ्यात, मोहरीएवढ्या एका ठिपक्यात गोळा झाले. सीमांची फाइल मीटरमध्ये होती, लाखांच्या आकड्यांत. ठिपके अंशांत. दोन्हींचं माप एक केल्याशिवाय ते एकमेकांवर बसणार कसे? हे मला लगेच कळलं. गझलेत एक ओळ एका वृत्तात आणि दुसरी दुसऱ्या वृत्तात असेल, तर शेर होत नाही. ती चौथी फाइल वृत्त सांगणारी. जुन्या सर्वेक्षण नकाशांचं मूळ माप आजच्या उपग्रहांच्या मापाहून वेगळं आहे. ते न बदलता ठिपका ठेवला, तर आमच्या भागात तो शंभर मीटरांच्या घरात सरकतो. एवढ्यात घर ओढ्यापलीकडे जातं.

तिसऱ्यांदा जमलं. पण ठिपके विचित्र दिसले. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, सारख्या अंतरावर, ओळीत. जमीन अशी रांगेत हलते का? भाचीनं यादीकडे बोट दाखवलं. आकडे दशांशचिन्हापुढं दोनच स्थळांपर्यंत होते. एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. म्हणजे दुसऱ्या स्थळातला एकचा फरक एका किलोमीटरच्या आतबाहेर. मधल्या सगळ्या जागा त्या रांगोळीच्या ठिपक्यांवर ढकलल्या गेल्या होत्या, आणि एकेका ठिपक्याखाली अनेक धक्के दडले होते. खोलीच्या रकान्यातही पुष्कळदा पाच किंवा दहा असा ठोक आकडा.

शिवाय केंद्रबिंदू कुणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांवर लाटा कधी पोचल्या, त्या वेळांवरून जागेचं गणित करतात. यंत्रं थोडी आणि लांब असली, तर चूक काही किलोमीटरची होऊ शकते. म्हणून तर पुढं या भागातच यंत्रं बसवली गेली.

भाचीनं मग ठिपके पुसले आणि त्यांच्या जागी फिकट वर्तुळं काढली, काही किलोमीटर रुंद. एकावर एक आली की रंग गडद होई. कुठल्याच पाड्यावर बोट ठेवता येईना. सगळा टापूच रंगला होता. आणखी एक गोष्ट मला दिसली. सीमांच्या फाइलीत गावं होती, पाडे नव्हतेच. महसुली गाव एक, त्याचे पाडे दोन-दोन कोस पसरलेले. मग त्या अनोळखी माणसानं ठिपक्याला पाड्याचं नाव दिलं कुठून? अंदाजानं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाड्यावर गेलो. ओट्यावर लॅपटॉप ठेवून भाचीनं सगळं दाखवलं, नॉर्वेसकट. पोरं हसली. बाबांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे आमच्याखाली नाही ना?”

मला वाटलं, आता तिनं ‘नाही’ म्हणावं. एका शब्दानं म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “तसंही सांगता येत नाही बाबा. तुमच्याखालीच आहे असं कुणी म्हणत असेल, तर ते त्याला ठाऊक नाही. तुमच्याखाली नाही असं म्हणायला मलाही ठाऊक नाही. या सगळ्या टापूला धोका सारखाच समजा.”

बाबा बराच वेळ वर्तुळांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सगळ्यांचं होईल ते आमचं.” त्यांनी माळ्यावरचं जातं आणि जड हंडे खाली उतरवायला सांगितले. कुडाच्या भिंतीची घरं राहू दिली, तडा गेलेल्या विटांच्या खोलीत कुणी झोपायचं नाही असं ठरवलं. बांधलेलं सामान सुटलं. ते पाहुणेही महिन्याभरानं आले.

कवितेत मी आयुष्यभर नेमका शब्द शोधत आलो. नेमकेपणाचा खोटा आव किती महाग पडतो, ते मात्र त्या एका लाल ठिपक्यानं शिकवलं. तुमच्याही मोबाइलवर असा नकाशा येईल. तो पुढं पाठवण्याआधी एवढंच विचारा : हा ठिपका कुणी मोजला, आणि किती अंतरापर्यंत तो चुकू शकतो? उत्तर मिळालं नाही, तर नकाशा तिथंच थांबवा. त्या ठिपक्याखाली कुणाचं तरी घर असतं.