गॅस ब्लॉक बदलण्याआधी



मी शेंदूरजनाघाटचा. 26 वर्षं फौजेत आर्मरर होतो, म्हणजे पलटणीची हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा. आता सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याची बाग आणि कलमांची नर्सरी पाहतो. आकाशवाणीने मला बोलावलं ते एका प्रश्नावर बोलायला. आमच्या भागातली पुष्कळ मुलं पहाटे वरुडच्या रस्त्यावर धावतात, भरतीची तयारी करतात. त्यांतला एक जण मला बागेत येऊन म्हणाला, "काका, गॅस ब्लॉक बदलला का रायफल लोन्यावानी चालते म्हनते. मंग फौजेत काहून नाही बदलत?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मी आज देतो.

आधी गॅस ब्लॉक म्हणजे काय ते. काडतुसातली दारू जळली की वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीला वरच्या बाजूने एक बारीक भोक असतं. गोळी त्या भोकापुढे गेली की थोडा वायू त्यातून वर चढतो. भोकावर बसवलेला जो पोलादी ठोकळा हा वायू पकडतो, तो गॅस ब्लॉक. त्यातला वायू पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला ढकलतो, काडतुसाचं रिकामं खोकं बाहेर उडतं, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते आणि येताना तो मॅगझिनमधला नवा राऊंड, म्हणजे नवं काडतूस, घेऊन येतो. पुन्हा सांगतो. भोक, ठोकळा, पिस्टन, बोल्ट, स्प्रिंग. एवढा क्रम लक्षात राहिला तरी पुरे.

आता फवारणीचा एचटीपी पंप डोळ्यांसमोर आणा. पंपाला एक परतीची नळी असते. गनला लागतं तेवढं पाणी पुढे जातं आणि जास्तीचं त्या नळीतून परत टाकीत पडतं. ती नळी नसती तर पाइप फुटला असता. आमच्या वेळची एसएलआर रायफल नेमकी अशीच चालायची. 1962 च्या चिनी युद्धानंतर ही रायफल आपल्या जवानांच्या हाती आली. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती तयार होई. तिच्या गॅस ब्लॉकला मागे एक फिरणारी कडी होती. कडी उघडली की जास्तीचा वायू बाहेर सुटे, आवळली की पिस्टनकडे जास्त जाई.

ती कडी बसवायची रीत मला अजून हातात जाणवते. मॅगझिनमध्ये एकच राऊंड भरायचा. कडी पूर्ण उघडी ठेवून फायर करायचा. वायू कमी पडतो, बोल्ट पुरता मागे येत नाही. मग एक खटका आवळायचा, पुन्हा एक राऊंड. पुन्हा एक खटका, पुन्हा एक राऊंड. असं करता करता एका खटक्याला खोकं नीट बाहेर पडतं. तिथून आणखी दोन खटके आवळायचे आणि हात काढून घ्यायचा. ते दोन खटके धुळीसाठी, थंडीसाठी, काजळीसाठी. त्याहून जास्त आवळलं तर रायफल चालते, पण स्वतःलाच मारत चालते. खांद्याला धक्का जास्त बसतो, खोकी लांब उडतात, त्यांची कड ओरबाडली जाते आणि पुर्जे लवकर झिजतात. नवा जवान हमखास जास्त आवळायचा. बागेतही हेच पाहतो. पंपाचं प्रेशर वाढवलं की फवारणी चांगली झाली असं पोरांना वाटतं. पानं फाटतात, औषध जमिनीवर जातं. रागावतो मी त्यांना, इथूनही रागावतो. यंत्राला लागतं तेवढंच द्या.

मग बदलायचं केव्हा? जगात ज्यांनी बदललं, त्यांच्याकडे पाहू. अमेरिकेने 1936 मध्ये गॅरंड नावाची रायफल स्वीकारली. पहिल्या गॅरंडला नळीला भोकच नव्हतं. नळीच्या तोंडावर टोपण बसवून त्यात वायू अडवायचे. ते टोपण सैल व्हायचं, काजळी धरायचं. 1940 च्या सुमारास त्यांनी ती रचना काढून टाकली, नळीला भोक पाडलं आणि जुन्या रायफलीही बहुतेक बदलून घेतल्या. दोष रचनेतच होता, म्हणून तो बदल बरोबर ठरला.

आता उलटी गोष्ट. त्याच अमेरिकेची एम-16 रायफल व्हिएतनामच्या जंगलात अडकू लागली. जवान मेले. दोष सगळे रायफलीला देत होते. 1967 मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने चौकशी केली, तेव्हा निघालं काय? काडतुसातली दारू मधेच बदलली होती. नव्या दारूने रायफल ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालू लागली. त्यात जवानांना साफसफाईचं सामानसुद्धा पुरेसं दिलं नव्हतं, ही रायफल साफ करावी लागत नाही असं सांगितलं होतं. नळीच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, क्रोमचा मुलामा नव्हता, ती दमट हवेत गंजली. तिथे नुसता ठोकळा बदलून काय झालं असतं?

आपली इन्सास रायफल घ्या. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संशोधन संस्थेने ती घडवली. 1998 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लोकांनी ती पहिल्यांदा पाहिली आणि पुढच्याच वर्षी ती कारगिलला गेली. तिच्या राऊंडचं काम आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातही होतं. कारगिलच्या थंडीत तक्रारी आल्या, त्यातली मोठी तक्रार मॅगझिनला तडे जाण्याची होती. मॅगझिनची, गॅस ब्लॉकची नव्हे! आणि इन्सासला वायू कमीजास्त करायची कडी पहिल्यापासून आहे. उलट अमेठीजवळ कोरव्याला तयार होणारी एके-203 पाहा, तिला अशी कडीच नाही. एके घराण्यात वायू मुद्दाम सढळ दिलेला असतो, म्हणजे चिखलातही चालावी. दोन्ही विचार शहाणपणाचेच. कडी असलेली रायफल चांगली आणि नसलेली वाईट, असं काही नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका रायफलीत रोक येत होती, म्हणजे ती मधेच अडकत होती, दर पाच-सहा राऊंडला. मी गॅस प्लग बदलला, पिस्टन बदलला, स्टोअरकडे नव्या ब्लॉकची मागणीही लिहिली. कोतमधला, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीतला, म्हातारा सुभेदार सगळं पाहत होता. त्याने न बोलता मॅगझिन उचललं आणि वरच्या ओठावरून अंगठा फिरवला. एक ओठ जोंधळ्याच्या दाण्याएवढा वाकला होता. राऊंड तिरपा वर येत होता, एवढंच. दुसरं मॅगझिन लावलं, रायफल चालू लागली. तेव्हापासून मी एक नियम धरला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेली वहीत लिहायची.

म्हणून क्रम ऐका. पहिल्यांदा साफसफाई. ब्लॉक उघडला की आत काजळीचा थर दिसतो, जळलेल्या दुधासारखा घट्ट. पिस्टनच्या डोक्यावर त्याचं कडं बसलेलं असतं. ते निघेपर्यंत निदान करूच नये. पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून ती नळीतून ओढायची आणि चिंदी पांढरी येईपर्यंत ओढायची. पांढरी येईपर्यंत म्हणतोय, करडी नाही. मग मॅगझिन. मग राऊंड, म्हणजे एकाच लॉटच्या काडतुसांवर रोक येते का ते. मग स्प्रिंग. एवढं सगळं झाल्यावरच ठोकळ्याकडे या. ठोकळा आणि नळीच्या सांध्यातून काजळीची ताजी रेघ बाहेर आली असेल, तर वायू गळतोय. ठोकळा हलत असेल, त्याचं भोक नळीच्या भोकासमोर नीट येत नसेल, किंवा हजारो राऊंडनंतर भोकच खाऊन मोठं झालं असेल, तर दुरुस्ती खरी. नळीचं भोक मोठं झालं असेल तर नुसत्या नव्या ठोकळ्याने भागत नाही, कारण दोष नळीत आहे. आणि रायफलीला सायलेन्सर लावायचा झाला, तर वायू मागे दाबला जातो, तेव्हा कमीजास्त करता येणारा ब्लॉक खरोखर उपयोगी पडतो. इतर वेळी, चालत असलेल्या रायफलीचा ब्लॉक बदलू नये. हे माझं मत.

वेळ संपत आल्याची खूण समोरून होते आहे. अजून एक गोष्ट राहिली आणि ती बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. आपल्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला काही घरांत परवान्याची बंदूक असते. त्या एकनळी, दुनळी किंवा भरमार बंदुकीला गॅस ब्लॉक नसतोच, तेव्हा त्यात बदलण्यासारखं काही नाही. तरी कोणी लोहाराकडे, वेल्डिंगवाल्याकडे नेऊन तिची नळी कापून किंवा घोडा घासून आणतं. असं करू नका. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या माणसाने बंदूक दुरुस्त करणं हाही गुन्हा आहे, आणि अशी बंदूक फुटली तर हाताची बोटं जातात. परवानाधारक कारागिराकडेच न्या, पावती घ्या. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहिल्याशिवाय नळीत चिंदीसुद्धा घालू नका.