गुडघ्याचे वंगण



साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘गुडघ्यातले वंगण संपले!’ मग लेकसुना सांगतात, ‘आई, तू आता बसून राहा. चाललीस तर झीज वाढेल.’ सल्ला मायेचा खरा, पण हिताचा नव्हे.

चाक फिरून फिरून बैलगाडीचा आख झिजतो. गुडघा मात्र जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या पाण्यातून होते, आणि पायाच्या हालचालीने ते पाणी तिच्यात मुरते. माणूस बसून राहिला, की मांडीचे स्नायू वाळतात आणि चालताना धक्के थेट सांध्याला बसतात. झिजलेली कूर्चा व्यायामाने भरून येत नाही. पण मांडी बळकट झाली, की दुखणे कमी होते.

मग करावे काय? बाजेच्या कडेला बसा. एक पाय गुडघ्यात सरळ करा, मांडी आवळा, मनात पाच आकडे मोजा आणि पाय सावकाश खाली आणा. असे दहा वेळा. मग दुसरा पाय. शिवाय रोज सपाट वाटेने थोडे चाला. सुरुवातीला जरा जास्त दुखेल, म्हणून सोडू नका. गुण यायला काही आठवडे लागतात. खुरपणीला फार वेळ उकिडवे बसू नका, मधूनमधून उठा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. वजन जास्त असेल तर उतरवा. एक किलो उतरले, की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो.

शेकाने बरे वाटते, पण तेवढ्यापुरते. विजेच्या यंत्रांच्या उपचारांचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून ते देऊ नयेत, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेने २०२२ साली सांगितले. व्यायामाला मात्र तिने पहिले स्थान दिले. तेव्हा त्यासाठी दागिना मोडू नका.

गुडघा एकाएकी सुजला, लाल व गरम झाला, ताप आला किंवा सांधा अडकला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

गुरुजी आणि बाई, आपल्याला एक विनंती. मुलांना हा व्यायाम वर्गात दाखवा. घरी आजीने पाय उचलावा आणि नातवाने आकडे मोजावेत. पाढे पाठ होतील, आणि आजी पुन्हा आपल्या पायांनी देवळापर्यंत जाईल.